वैद्यकगुरू डॉ. द्वारकानाथ कोटणीस

बंगळूरच्या शिवाजीनगरात रसेल मार्केटकडून बाउरिंग रुग्णालयाच्या बाजूस निघाले, की गळ्यात स्टेथॉस्कोप अडकविलेले, पांढऱ्या कोटातील तरुण विद्यार्थी हल्ली नित्य दृष्टीस पडतात. म्हैसूरचे एकेकाळचे कमिशनर लुइन बाउरिंग यांचे नाव धारण करणारे हे जुने रुग्णालय. गोरगरिबांची वर्दळ तेथे पूर्वीपासूनच होती. अलीकडे वैद्यकीय महाविद्यालय जोडले गेल्याने ते डॉक्टर घडविण्याचेही ठिकाण झाले आहे. त्या मुलांकडे पाहून आपल्यासारख्या सामान्य माणसाच्या मनात एक साधा प्रश्न येतो. डॉक्टर तयार होतो तो कसा? ग्रंथ वाचून विद्या येईल, परीक्षा देऊन पदवी मिळेल. परंतु नाडीवर ठेवलेल्या बोटाला जे कळावे लागते ते, आणि वेदनेने तळमळणाऱ्या माणसाशी कसे बोलावे हे, त्याला कोण शिकवितो?

या प्रश्नाचे उत्तर ज्याच्या चरित्रात मिळते असा एक मराठी डॉक्टर होऊन गेला. त्याचे नाव आपणा सर्वांना ठाऊक आहे. व्ही. शांताराम यांनी १९४६ साली 'डॉ. कोटनीस की अमर कहानी' हा बोलपट काढला आणि सोलापूरच्या द्वारकानाथ कोटणीसांचे नाव घरोघरी पोहोचले. चीनमध्ये जखमी सैनिकांची शुश्रूषा करता करता देह ठेवणारा वीर, अशी त्यांची प्रतिमा आपल्या मनात आहे, आणि ती खरीच आहे. परंतु आयुष्याच्या शेवटच्या दोन-अडीच वर्षांत हा वीर एका डोंगरी खेड्यात खडू हाती घेऊन विद्यार्थ्यांपुढे उभा राहत होता, परभाषेत शस्त्रक्रियाशास्त्र शिकवीत होता आणि रात्री दिव्याच्या उजेडात त्यांच्यासाठी पाठ्यपुस्तक लिहीत होता, ही गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानी नसते. शिक्षक कोटणीसांची ओळख करून द्यावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापूर येथे झाला. सोलापूर म्हणजे त्या काळी गिरण्यांचे गाव. पहाटेच्या भोंग्यावर उठणारे आणि मराठी, कन्नड, तेलुगु अशा तीन भाषा सहजतेने कानांवर घेणारे. कोटणीसांचे कुटुंब मध्यमवर्गीय आणि भावंडांनी भरलेले होते. मुलाला डॉक्टर करणे ही अशा घराला सोपी गोष्ट नव्हती. द्वारकानाथ मुंबईस आले आणि परळच्या सेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाले.

या महाविद्यालयाची जन्मकथा लक्षात ठेवण्याजोगी आहे. वैद्यकीय शिक्षणातील वरच्या जागा इंग्रज अधिकाऱ्यांसाठी जवळजवळ राखीव असण्याच्या त्या काळात, येथील अध्यापक भारतीयच असावेत अशी अट देणगीदारांनी घातली होती. डॉ. जीवराज मेहता हे त्याचे पहिले अधिष्ठाता. शेजारीच महापालिकेचे के.ई.एम. रुग्णालय. गिरणगावातला आजारी आणि जायबंदी कामगार त्या खाटांवर येऊन पडे आणि त्याच्याच उशाशी उभे राहून विद्यार्थी वैद्यक शिकत. रोग्याच्या खाटेजवळ शिकविण्याची ही पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत विल्यम ऑस्लर यांनी विशेष नावारूपास आणली होती. मुंबईतही ती रुजलेली होती. विद्यार्थ्याने प्रथम पाहावे, मग हाताने चाचपावे, ठोकून व ऐकून पाहावे आणि त्यानंतरच मत बनवावे, हा तिचा क्रम. ज्याच्या देहावर आपण शिकतो तो माणूस आहे आणि त्याचे आपल्यावर ऋण आहे, हा संस्कार त्याच ठिकाणी होतो; होत नसेल तर पुढे कोठेही होत नाही. कोटणीस चीनला गेले तेव्हा त्यांच्या पेटीत शस्त्रक्रियेची हत्यारे होती, तशीच परळची ही शिकवणही त्यांच्यासमवेत गेली.

१९३७ च्या जुलैमध्ये जपानने चीनवर मोठे आक्रमण केले. जखमींची संख्या अफाट आणि डॉक्टर मूठभर, अशा अवस्थेत चिनी सेनानी चू तेह यांनी पंडित जवाहरलाल नेहरूंकडे वैद्यकीय साहाय्य मागितले. १९३८ साली काँग्रेसचे अध्यक्ष असलेल्या सुभाषचंद्र बोस यांनी देशाला आवाहन केले आणि लोकवर्गणीतून सुमारे २२,००० रुपये जमले. स्वतः पारतंत्र्यात असलेल्या देशाने दुसऱ्या संकटग्रस्त देशासाठी वर्गणी काढावी, ही त्या पिढीच्या मनाची थोरवी होती. पाच डॉक्टरांचे पथक निवडण्यात आले. अलाहाबादचे डॉ. मदनलाल अटल हे प्रमुख, नागपूरचे वयोवृद्ध डॉ. मोरेश्वर चोळकर हे उपप्रमुख, कलकत्त्याचे डॉ. विजयकुमार बसू व डॉ. देवेश मुखर्जी, आणि अठ्ठावीस वर्षेही पुरी न झालेले डॉ. कोटणीस. पाचांत दोघे मराठी होते, हे आपण आवर्जून ध्यानात ठेवावे. चोळकरांचे नाव आता बहुधा विस्मृतीत गेले आहे.

१ सप्टेंबर १९३८ रोजी 'राजपुताना' या बोटीने पथकाने मुंबई सोडली. हाँगकाँगमार्गे कँटन, तेथून हँको आणि शत्रू जवळ येत गेला तसतसे मागे सरकत चुंगकिंग, असा त्यांचा प्रवास झाला. याच प्रवासात पाचही जणांना चिनी नावे मिळाली. प्रत्येकाच्या नावाच्या चिनी रूपापुढे 'हुआ' हे अक्षर जोडण्यात आले. हुआ म्हणजे चीन. कोटणीसांचे नाव झाले 'के दिहुआ'. पुढे हजारो लोक त्यांना याच नावाने ओळखू लागले.

चुंगकिंगला असतानाच सोलापूरहून वडील वारल्याची बातमी आली. दूरदेशी असताना घरून अशी बातमी येणे म्हणजे काय, हे आपणा परमुलखात राहणाऱ्यांना कोणी समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. परत फिरण्यास पूर्ण मोकळीक होती आणि कोणी बोलही लावला नसता. कोटणीसांनी पुढे जाण्याचे ठरविले. या निर्णयाचे गोडवे गाणे सोपे आहे. परंतु त्याची किंमत घरच्यांनीही मोजली हे विसरता कामा नये. पित्यामागे घर सावरण्याचा भार मागे राहिलेल्यांच्या खांद्यांवर पडला आणि द्वारकानाथ पुन्हा कधीही घरी आले नाहीत. चरित्रनायकाच्या त्यागात त्याच्या कुटुंबाचा त्याग मिसळलेला असतो; इतिहास पहिल्याची नोंद ठेवतो आणि दुसऱ्याची ठेवीत नाही.

१९३९ च्या फेब्रुवारीत पथक येनानला पोहोचले. पिवळ्या मातीच्या डोंगरांत गुहा कोरून तेथे माणसे राहत, आणि रुग्णालयही तशाच गुहांतून चालत असे. येथे काम करताना कोटणीसांना एक गोष्ट कळून चुकली असावी. दुभाष्याच्या मध्यस्थीने शस्त्रक्रिया करता येते, परंतु रोग्याला धीर देता येत नाही. कोठे दुखते, केव्हापासून दुखते, रात्री झोप लागते का, हे प्रश्न दुसऱ्याच्या तोंडून विचारले की अर्धे निदान तेथेच निसटते. त्यांनी चिनी भाषेचा अभ्यास चिकाटीने चालविला. प्रथम बोलणे, मग वाचणे आणि अखेर लिहिणे. त्या लिपीत वर्णमाला नाही, शब्दागणिक नवी खूण पाठ करावी लागते, हे लक्षात घेतले म्हणजे या उद्योगाची कल्पना येईल.

पथकातील चोळकर आणि मुखर्जी १९३९ मध्येच भारतात परतले. उरलेले तिघे त्या वर्षाच्या अखेरीस उत्तरेकडील आघाडीकडे निघाले. तेथे त्यांच्या आधी एक असामान्य शल्यवैद्य येऊन गेला होता. कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथ्यून यांनी १९३८ साली वूताई पर्वताच्या प्रदेशात एक आदर्श रुग्णालय उभारले होते. ते शत्रूने लवकरच उद्ध्वस्त केले. बेथ्यून यांची धारणा अशी की, परदेशी डॉक्टर आज आहे, उद्या नाही. त्याने आपल्यामागे शिकलेले हात ठेवून जावे. म्हणून प्रत्येक रुग्णालय हे विद्यालयही असले पाहिजे. शस्त्रक्रिया करताना बोटाला झालेल्या जखमेतून विष भिनून १२ नोव्हेंबर १९३९ रोजी त्यांचा अंत झाला. त्याच वर्षी निघालेल्या लष्करी वैद्यकीय विद्यालयाला मागाहून बेथ्यून यांचे नाव देण्यात आले. एका परक्याने अर्धवट टाकलेले हे काम उचलण्याचे दुसऱ्या परक्याच्या नशिबी होते.

अटल १९४० च्या आरंभी मायदेशी परतले. बसू आणि कोटणीस पुढे हेबेई प्रांतातील तांग परगण्यात पोहोचले. त्या वर्षीच्या मोठ्या मोहिमेत दोघांनी वेगवेगळ्या आघाड्या वाटून घेतल्या. कोटणीसांच्या तुकडीकडे तेरा दिवसांत ८०० हून अधिक जखमी आले आणि त्यांपैकी ५५८ जणांवर शस्त्रक्रिया झाल्या, अशी नोंद सांगितली जाते. झोपेचा प्रश्नच नव्हता. त्यानंतर बसू येनानला परत गेले. पाचांपैकी आघाडीच्या त्या डोंगरांत एकटे कोटणीस राहिले. गेगोंग नावाच्या खेड्यात बेथ्यून विद्यालयात ते शस्त्रक्रियाशास्त्र शिकवू लागले आणि १९४१ च्या जानेवारीत बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुखपदही त्यांच्याकडे आले. तेव्हा त्यांचे वय तीस वर्षांचे होते.

आता या विद्यालयाचे रूप डोळ्यांसमोर आणावे. विद्यार्थी बहुतेक शेतकऱ्यांची मुले. कित्येकांचे शालेय शिक्षण जेमतेम. इमारत म्हणजे गावकऱ्यांची घरे आणि अंगणे. क्ष-किरणांचे यंत्र नाही, औषधे अपुरी, पट्ट्या धुऊन पुनःपुन्हा वापराव्या लागत. शत्रूची धाड आली की जखमींना गावकऱ्यांच्या घरांत, डोंगरकपारींत हलवायचे, विद्यालय पाठीवर घ्यायचे आणि दुसऱ्या दरीत पुन्हा मांडायचे. मुंबईत पाच-सहा वर्षांत जे शिकविले जाते, त्यातील अत्यावश्यक भाग अशा मुलांना थोड्या अवधीत शिकवायचा, आणि तोही असा, की शिकलेला मुलगा उद्या आघाडीवर एकटा पडला तरी त्याचे अडू नये.

युद्धातील शस्त्रक्रियेत दिपवून टाकणारे असे थोडेच असते. जखमेतील माती, कपड्याचे तुकडे आणि मृत मांस निष्ठुरपणे काढून टाकावे लागते. जखम घाईने शिवून टाकण्याचा मोह आवरावा लागतो, कारण वरून मिटलेली जखम आतून सडते. मोडलेले हाड हलविण्यापूर्वी फळीने बांधावे लागते. रक्त थांबविण्यासाठी आवळलेला पट्टा किती वेळ ठेवला याचे भान राखावे लागते, नाहीतर जीव वाचून अवयव जातो. हात धुणे आणि हत्यारे उकळणे यांत शंभराव्या जखमीच्या वेळीही कसूर चालत नाही. यातील एकही गोष्ट बुद्धीला अवघड नाही. सर्व गोष्टी सवयीला अवघड आहेत. आणि सवय ही व्याख्यानाने लागत नसून, पाहून, करून आणि चुकले की तेथल्या तेथे दुरुस्त करून घेऊन लागते. त्यासाठी गुरू शेजारी उभा असावा लागतो.

कोटणीस असे शेजारी उभे राहणारे गुरू होते. ते चिनी भाषेतून शिकवीत. विद्यार्थ्यांना इंग्रजी येणार नाही हे उघड होते. तेव्हा शिष्यांनी गुरूच्या भाषेपर्यंत चढून येण्याऐवजी गुरूच त्यांच्या भाषेपर्यंत उतरला. हाताशी योग्य पुस्तक नव्हते, म्हणून त्यांनी स्वतः लिहावयास घेतले. शस्त्रक्रियेच्या सामान्य तत्त्वांवरील पहिला ग्रंथ त्यांनी पुरा केला आणि निरनिराळ्या अवयवांच्या शस्त्रक्रियांवरील दुसरा ग्रंथ आरंभिला. रुग्णालय, विद्यालय आणि लेखन अशी तीन कामे एकाच माणसाच्या दिवसात बसत होती.

बदलीच्या नोकरीत आयुष्य काढलेल्या माझ्यासारख्याला या ग्रंथलेखनाचे मोल विशेष वाटते. सरकारी कार्यालयात अधिकाऱ्याची खरी परीक्षा तो गेल्यानंतर होते. त्याच्या पाठीमागे आलेल्याला फायली लावलेल्या सापडल्या, काम कसे चालते हे लिहून ठेवलेले मिळाले, तर तो अधिकारी चांगला. सारे ज्ञान स्वतःच्या डोक्यात ठेवून स्वतःला अपरिहार्य करून घेणारे हुशार अधिकारी मी पुष्कळ पाहिले आहेत. ते गेले की कार्यालय आंधळे होते. शल्यवैद्याच्या हातांतील कौशल्य तर त्याच्या देहाबरोबरच संपणारे. ते दुसऱ्यांच्या हातांत उतरविण्याची घाई कोटणीसांना झाली होती, आणि तीस कारणही होते, हे पुढे दिसेल.

कौशल्याबरोबर आचरणही त्यांनी शिकविले, आणि त्यासाठी वेगळा तास लावला नाही. परदेशी पाहुणा म्हणून मिळू शकणारी वेगळी वागणूक त्यांनी नाकारली. इतरांसारखाच सुती गणवेश आणि इतरांसारखेच जाडेभरडे अन्न घेतले. लष्करी जखमींप्रमाणे आसपासच्या खेड्यांतील आजारी माणसांनाही तपासले. जखमी सैनिक त्यांना 'काळी आई' म्हणत असत, असे सांगतात. रंगाने सावळा आणि मायेने आई, एवढाच त्यांच्या मनातील अर्थ. पण महाराष्ट्रातील शेतकरी आपल्या जमिनीला काळी आई म्हणतो, हे त्या सैनिकांना कोठून माहीत असणार! सोलापूरच्या काळ्या मातीतून आलेल्या माणसाला हजारो कोसांवर नेमके हेच नाव मिळावे, हा योगायोग मराठी मनाला हलवून गेल्यावाचून राहत नाही.

त्याच विद्यालयात कुओ चिंग-लान या परिचर्या शिकवीत. १९४१ च्या अखेरीस दोघांचा विवाह झाला. १९४२ च्या जुलैमध्ये कोटणीस तेथील साम्यवादी पक्षाचे सभासद झाले आणि ऑगस्टमध्ये त्यांना पुत्र झाला. त्याचे नाव ठेवण्यात आले 'यिनहुआ'. यिन म्हणजे भारत आणि हुआ म्हणजे चीन.

परंतु काळ जवळ येत होता. कोटणीसांना अपस्माराचे झटके येऊ लागले होते. उपासमार, जागरण आणि सततची धावपळ यांनी देह पोखरला होता. आघाडी सोडून उपचारासाठी अन्यत्र जावे असे वरिष्ठांनी सुचविले. ते त्यांनी मानले नाही. दुसरा ग्रंथ अर्धा लिहून झाला होता आणि वर्ग चालू होते. ८ डिसेंबर १९४२ च्या रात्री झटक्यांवर झटके आले आणि ९ डिसेंबरच्या पहाटे त्यांची प्राणज्योत मालवली. वय अवघे ३२. बाळ चार महिन्यांचेही झाले नव्हते. ग्रंथ अपुरा राहिला.

पण विद्यार्थी राहिले, आणि येथेच या चरित्राचा खरा अर्थ आहे. त्यांच्या हाताखाली शिकलेली मुले निरनिराळ्या तुकड्यांत विखुरली आणि डोंगरदऱ्यांतून तीच शस्त्रक्रिया, तीच स्वच्छता आणि तीच शुश्रूषा पुढे चालू राहिली. कोटणीसांच्या अस्थी पुढे शिजियाझुआंग येथील हुतात्मा स्मशानभूमीत बेथ्यून यांच्या समाधीनजीक विसावल्या. त्याच शहरात १९९२ साली त्यांच्या नावाचे वैद्यकीय विद्यालय निघाले. तेथे दाखल होणारे विद्यार्थी त्यांच्या पुतळ्यासमोर उभे राहून त्यांच्यासारखी रुग्णसेवा करण्याची शपथ घेतात. चीनने १९८२ साली आणि भारताने १९९३ साली त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकिटे काढली. १९६२ च्या युद्धाने आणि नंतरच्या सीमावादांनी दोन्ही देशांत जे अंतर पडले ते पडलेच. तरीही या एका नावाला धक्का लागला नाही. यिनहुआ वडिलांप्रमाणेच वैद्यकाकडे वळला, परंतु शिक्षण पुरे होण्याच्या सुमारास १९६७ साली तोही गेला. चिंग-लान यांनी सासरशी नाते जपले, त्या अनेकदा भारतात येऊन गेल्या आणि २०१२ साली निवर्तल्या. सोलापुरातील कोटणीसांच्या घरी आता त्यांचे स्मारक आहे. गावी जाताना सोलापुरावरून जाणाऱ्या मंडळींनी थोडी वाट वाकडी करून ते मुलांना अवश्य दाखवावे.

२०१९ पासून आपल्या देशातील एम.बी.बी.एस. च्या अभ्यासक्रमात वृत्ती, नीती आणि संवाद यांचे रीतसर पाठ समाविष्ट झाले आहेत. रोग्याशी कसे बोलावे, दुःखद वार्ता कशी सांगावी, त्याची संमती कशी घ्यावी, हे आता ठरवून शिकविले जाते. ही इष्ट गोष्ट झाली. तथापि पाठ नेमल्याने काम भागत नाही. तो पाठ जगून दाखविणारा शिक्षक खाटेजवळ लागतो. विद्यार्थी गुरूच्या बोलण्यापेक्षा त्याचे वागणे अधिक लवकर उचलतो, हे घरात मुले वाढविलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

आपल्या मंडळाने पन्नास वर्षे मराठी भाषा आणि मराठी सण या कानडी भूमीत जपले, याचा आपणास सार्थ अभिमान आहे. त्या अभिमानाला कोटणीसांच्या चरित्राने एक जोड द्यावीशी वाटते. ज्या मातीत आपण काम करतो त्या मातीची भाषा मनापासून शिकावी, आपल्याजवळची विद्या तेथील मुलांच्या हातांत ठेवावी आणि असे करताना आपले मराठीपण कमी होईल ही भीती बाळगू नये. द्वारकानाथांनी चिनी नाव घेतले, चिनी भाषेत ग्रंथ लिहिला, तेथेच संसार मांडला आणि तेथेच देह ठेवला. तरीही सोलापूर त्यांना आपलाच म्हणते. आपल्या घरांतून कोणी मुलगा वा मुलगी उद्या पांढरा कोट चढवील, तेव्हा त्यांच्या हाती पहिल्या दिवशी हे चरित्र द्यावे. रोग्याच्या खाटेशी उभे राहताना ते त्यांना उपयोगी पडेल.